जुलीचं मूत्रपिंड आम्ही का काढलं नाही

जुली ही नऊ वर्षांची जर्मन शेफर्ड मादी. वजन ३१ किलो, वर्षभरापूर्वी ३५ होतं. गर्भाशय काढलेलं नाही, आयुष्यात एकदाच व्यालेली. घर सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, मालक सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. (कुत्रीचं नाव आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ती आमच्याकडे आली तीच शस्त्रक्रियेसाठी. सोबतच्या कागदावर निदान होतं: उजव्या मूत्रपिंडात मोठी गाठ, कर्करोगाची दाट शक्यता, डावं मूत्रपिंड ठीक, उजवं काढून टाकावं. तारीखसुद्धा ठरली होती.

ती शस्त्रक्रिया झाली नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मूत्रपिंडात गाठ सापडली की घरच्यांचं आणि डॉक्टरांचंही सगळं लक्ष त्या गाठीवर खिळतं. ती केवढी आहे, पसरली आहे का, काढता येईल का. निर्णय मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या मूत्रपिंडावर ठरतो. जुलीच्या त्या दुसऱ्या मूत्रपिंडाची खबर तिच्या पायांवर होती आणि ती तीन वर्षं सगळ्यांना दिसत होती.

लाल लघवीचा प्रवास

आपल्याकडे कुत्र्याला लाल लघवी झाली की पहिलं नाव निघतं गोचीड तापाचं, आणि ते रास्तच आहे. गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं आणि लघवी चहासारखी तांबडी होते. जुलीच्या अंगावर पावसाळ्यात गोचिडी होत्याच. गावाकडच्या डॉक्टरांनी डिमिनाझिनचं इंजेक्शन दिलं. लघवी साफ झाली. दहा-बारा दिवसांनी पुन्हा लाल. मग मूत्रमार्गाचा संसर्ग समजून प्रतिजैविकं झाली. पुन्हा साफ, पुन्हा लाल.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मूत्रपिंडातल्या गाठीतून होणारा रक्तस्राव अधूनमधून होतो. चार दिवस वाहतो, आपोआप थांबतो, पुन्हा सुरू होतो. त्यामुळे त्या चार दिवसांत जे औषध दिलं असेल त्याला श्रेय मिळतं. 'गोळ्यांनी फरक पडला होता' हे वाक्य अशा रुग्णांच्या इतिहासात हमखास सापडतं आणि त्यावर फार विसंबू नये.

गोचीड ताप की रक्तस्राव, याचा निकाल लावायला महागडं काही लागत नाही. लघवीची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. लाल रंग तळाशी बसला आणि वरचं पाणी पिवळं झालं, तर लघवीत अख्ख्या तांबड्या पेशी आहेत, म्हणजे कुठून तरी रक्त वाहतंय. सगळीच नळी लाल राहिली तर रंग विरघळलेला आहे, म्हणजे पेशी शरीरात फुटताहेत. जुलीच्या नळीत तळाशी तांबडा थर आणि वर फिकट पिवळं पाणी. लघवीच्या धारेत रक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत होतं, म्हणजे ते वरून, मूत्रपिंडातून किंवा मूत्राशयातून येत होतं.

सोनोग्राफीपर्यंत ती पोचली ती मात्र वेगळ्याच संशयानं. जुली पाणी जास्त प्यायला लागली होती, खाणं कमी झालं होतं. गर्भाशय न काढलेली वयस्कर मादी, तहान वाढलेली, भूक गेलेली, एवढं ऐकलं की कुठलाही पशुवैद्य आधी गर्भाशयात पू झालाय का ते बघतो. बघायलाच हवं, कारण त्यात उशीर झाला तर कुत्री दगावते. पू नव्हता. गर्भाशयात दोन-तीन घट्ट गाठी दिसल्या, आणि उजव्या बाजूला ११ सेंटीमीटर लांबीचं वेडंवाकडं मूत्रपिंड, निम्मं घट्ट, निम्मं पाण्यानं भरलेल्या कप्प्यांचं. डावं साडेसात सेंटीमीटर, आकार नेहमीचा, आत चार लहान सिस्ट, म्हणजे पाण्याच्या पिशव्या. अहवालात डाव्याबद्दल लिहिलं होतं, 'वयोमानानुसार'. गर्भाशयाच्या गाठींबद्दल एवढंच, की त्याच वेळी गर्भाशयही काढावं.

छातीचे तिन्ही बाजूंनी काढलेले एक्स-रे स्वच्छ होते.

एवढ्या माहितीवर उजवं मूत्रपिंड काढायचा सल्ला देणाऱ्याला मी दोष देणार नाही. कुत्र्यांत मूत्रपिंडातच सुरू होणारा कर्करोग दुर्मीळ आहे, सगळ्या गाठींमध्ये त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आतबाहेर. पण तिथे झालेली गाठ बहुधा घातक असते आणि बहुधा एकाच बाजूला असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ८२ कुत्र्यांच्या अभ्यासात ४९ कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कर्करोग) होते, २८ सार्कोमा (जोडऊतींचा) आणि पाच नेफ्रोब्लास्टोमा (भ्रूणावस्थेतल्या पेशींचा). कार्सिनोमा झालेल्या कुत्र्यांच्या पुढच्या आयुष्याचा मध्यक (निम्मी त्याहून जास्त जगली, निम्मी कमी) १६ महिने होता, सार्कोमाच्या कुत्र्यांचा नऊ महिने. निदानाच्या वेळी १६ टक्के कुत्र्यांच्या फुप्फुसात गाठी दिसत होत्या, मृत्यूच्या वेळी कर्करोग पसरलेला असण्याचं प्रमाण ७७ टक्के होतं. २०१५ सालच्या ७० कुत्र्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, मूत्रपिंड काढल्यावर ज्यांच्या गाठीत पेशींचं विभाजन कमी होतं त्यांचा हाच मध्यक ११८४ दिवस होता, ज्यांच्यात ते फार जास्त होतं त्यांचा १८७ दिवस. म्हणजे एका बाजूची गाठ आणि दुसरी बाजू निरोगी असेल तर शस्त्रक्रिया हाच खरा उपचार आहे. केमोथेरपीनं या रोगात आयुष्य वाढतं असा भक्कम पुरावा नाही. दहा वर्षांचं कुत्रं आहे, आता कशाला चिरफाड, असं म्हणणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालतो.

इथे प्रश्न होता तो 'दुसरी बाजू निरोगी असेल तर' या अटीचा.

सुभेदारांचा प्रश्न

सुभेदार कमी बोलणारे, पण प्रश्न नेमका विचारणारे. रक्ताचे अहवाल पुन्हा करायचे म्हटल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, आमच्या पलटणीतल्या एकानं भावाला किडनी दिली. आज पेन्शन खातोय, शेती करतोय. मग हिची एक काढली तर अडतंय कुठं?"

उत्तर त्यांच्याच प्रश्नात होतं. "काका, तुमच्या त्या मित्राची उरलेली किडनी चांगली होती, म्हणून तर डॉक्टरांनी परवानगी दिली. हिची उरलेली चांगली आहे का, तेच मला कळत नाहीये."

जुलीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.९ होतं. बऱ्याच प्रयोगशाळांच्या कागदावर कुत्र्यांसाठी वरची मर्यादा दीडच्या आसपास छापलेली असते, त्यामुळे १.९ हा आकडा किरकोळ वाटतो आणि 'थोडंसं वाढलंय' म्हणून सोडून दिला जातो. पण क्रिएटिनिन वाढायला दोन्ही मूत्रपिंडांची मिळून सुमारे तीन चतुर्थांश कार्यशक्ती जावी लागते. निरोगी कुत्र्याचं एक मूत्रपिंड पूर्ण काढलं, म्हणजे निम्मी शक्ती गेली, तरी क्रिएटिनिन सहसा मर्यादेतच राहतं. आता हिशोब करा. उजवं पूर्ण निकामी झालंय असं धरलं तरी डावं शाबूत असतं तर क्रिएटिनिन १.९ व्हायला नको होतं. म्हणजे डावंही आजारी आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

शंका घ्यायला जागा होती. कुत्रं सुकलेलं असेल, अंगात पाणी कमी असेल, तर क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. म्हणून सलाईन देऊन तपासणी पुन्हा केली. आकडा जवळपास तोच. शिवाय लघवीची घनता १.०१४ होती. अंगात पाणी कमी पडलं तर चांगली मूत्रपिंडं लघवी दाट करतात. हिची पातळच राहिली होती. आणि जुलीचं वजन चार किलो उतरलं होतं, मांड्यांचे स्नायू गेले होते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे रोडावलेल्या कुत्र्यात ते खऱ्यापेक्षा कमीच दिसतं. स्नायूंवर न ठरणारी एसडीएमए ही चाचणी केली, ती २१ आली. लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर ०.९, रक्तदाब १६८, तिन्ही मर्यादेच्या वर. एकाही आकड्यानं घाबरून जावं असं नव्हतं, पण सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

पायांवरच्या गाठी

सुभेदारांच्या सूनबाई रोज जुलीला विंचरायच्या. त्यांना विचारलं, "ताई, अंगावर कुठं काही गाठी लागतात का हाताला?"

"त्या होय? त्या आहेतच की. तीनेक वर्षं झाली. आमच्या इथले म्हणाले चरबीच्या आहेत, वयाच्या."

केस बाजूला करून पाहिलं तर मागच्या दोन्ही पायांवर, पुढच्या पंजांच्या बोटांमध्ये, कानाच्या पाळीच्या बुडाशी आणि कपाळावर एक, अशा गाठी होत्या. काही हरभऱ्याएवढ्या, दोन सुपारीएवढ्या. बोटांमधली एक घासून फुटली होती आणि तिच्यामुळे जुली लंगडत होती. त्या लंगडण्यासाठी मधल्या काळात मेलोक्सिकॅमच्या गोळ्या चालू होत्या. त्या त्याच दिवशी बंद केल्या, कारण आजारी मूत्रपिंडावर असली वेदनाशामकं म्हणजे दुहेरी मार.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरच्या चरबीच्या गाठी आम्ही रोज पाहतो. त्या मऊ असतात, बोटाखाली सरकतात, जास्त करून छातीवर, पोटावर, काखेत असतात, आणि सुई घातली की काचपट्टीवर तेलकट थेंब पडतो. जुलीच्या गाठी टणक, कातडीतच रुतलेल्या आणि बहुतेक पायांवर. सुईत जवळपास काहीच आलं नाही. नऊ वर्षांची जर्मन शेफर्ड, पायांवर टणक गाठी, गर्भाशयात घट्ट गाठी, मूत्रपिंडात सिस्ट. या चार गोष्टी चार वेगवेगळ्या कागदांवर होत्या. एका ओळीत लिहिल्या की त्यांचा एकच अर्थ निघतो.

या आजाराला नाव लांबलचक आहे: रीनल सिस्टॅडिनोकार्सिनोमा आणि नोड्युलर डर्मॅटोफायब्रोसिस, म्हणजे मूत्रपिंडात सिस्टसह वाढणारा कर्करोग आणि कातडीत तंतूंच्या टणक गाठी. १९८३ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी सहा अल्सेशियन (जर्मन शेफर्डचंच दुसरं नाव) कुत्र्यांच्या त्वचेवरच्या गाठींचं वर्णन केलं. १९८५ साली नॉर्वेत ब्यॉर्न लिउम आणि लार्स मू यांनी त्वचेच्या या गाठी आणि दोन्ही मूत्रपिंडांतला कर्करोग यांचा संबंध आणि त्याचं आनुवंशिक असणं मांडलं. १९९७ मध्ये त्यांनी अशा ५१ जर्मन शेफर्ड कुत्र्यांची माहिती प्रसिद्ध केली. गर्भाशय न काढलेल्या बाधित माद्यांमध्ये गर्भाशयाच्या स्नायूंच्या साध्या गाठीही वारंवार सापडतात. २००० साली हा दोष कुत्र्याच्या पाचव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं, आणि २००३ मध्ये फ्रोडे लिंगास आणि सहकाऱ्यांनी नेमका जनुक दाखवला. तो आता एफएलसीएन या नावानं ओळखला जातो. त्याच्यापासून बनणाऱ्या फॉलिक्युलिन या प्रथिनात २५५व्या जागी हिस्टिडिनऐवजी आर्जिनिन येतं, बदल एवढाच.

हाच जनुक माणसात बिघडला तर बर्ट-हॉग-ड्युबे सिंड्रोम होतो. कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी तो १९७७ मध्ये नोंदवला, आणि त्याचा जनुक सापडला २००२ साली. माणसांत चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या, फुप्फुसात हवेच्या पोकळ्या आणि मूत्रपिंडात गाठी. तिथले शल्यविशारद दिसली गाठ की काढली, असं करत नाहीत. सर्वात मोठी गाठ साधारण ३ सेंटीमीटरची होईपर्यंत लक्ष ठेवतात, मग तेवढीच गाठ काढतात आणि मूत्रपिंड वाचवतात, कारण दुसरी आणि तिसरी गाठ पुढे येणारच आहे हे त्यांना ठाऊक असतं. जुलीच्या उजव्या बाजूला वाचवण्याजोगं वेगळं काढता येईल असं काही उरलेलं नव्हतं. पण विचाराची पद्धत तीच.

मागच्या पायावरच्या दोन गाठी आणि बोटांमधली फुटलेली गाठ, अशा तीन गाठी जागा बधिर करून आणि हलकी गुंगी देऊन काढल्या. बायोप्सीत कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे जाड गठ्ठे, पेशी साध्या, कर्करोग नाही. हे ऐकून सूनबाईंना हायसं वाटलं, आणि इथेच घोटाळा होतो. या गाठी मूत्रपिंडातला कर्करोग पसरून झालेल्या नसतात. त्या स्वतः निरुपद्रवी असतात. पण त्या ज्या जनुकामुळे आल्या तो दोन्ही मूत्रपिंडांतल्या प्रत्येक पेशीत असतो. 'त्वचेच्या गाठी साध्या आहेत' हा अहवाल या जातीच्या कुत्र्यात सुटकेचा नि:श्वास टाकण्याचा नव्हे, सोनोग्राफीचा प्रोब पुन्हा हातात घेण्याचा.

तो घेतला. पोटाचे केस नीट भादरून, जास्त वारंवारतेच्या प्रोबनं फक्त डावं मूत्रपिंड पाहिलं. सिस्ट चार नव्हत्या, पुष्कळ होत्या. साध्या सिस्टची भिंत पातळ असते आणि आत नितळ पाणी. यांतल्या तीन सिस्टच्या आतल्या भिंतीवर मांसल उंचवटे होते. डावं 'वयोमानानुसार' नव्हतं. उजव्याच्याच वाटेवर, फक्त मागे होतं.

सीटी स्कॅन करावा का, यावर आमच्यात चर्चा झाली. मी नको म्हटलं. भूल, आजारी मूत्रपिंडावर कॉन्ट्रास्टचं (अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात त्या द्रव्याचं) ओझं, पुण्या-मुंबईची फेरी, आणि एवढं करून जे कळलं असतं त्यानं निर्णय बदलला नसता. मूत्रपिंडात सुई घालून नमुना घेण्यालाही याच कारणानं नकार, वर रक्तस्रावाची आणि कर्करोगाच्या पेशी सुईच्या वाटेनं पसरण्याची भीती.

निर्णय

उजवं काढलं असतं तर काय झालं असतं? रक्तस्राव थांबला असता, गाठीचं मोठं ओझं गेलं असतं, कर्करोग पसरण्याचा एक मार्ग बंद झाला असता. हे फायदे खरे आहेत. पण त्या वेड्यावाकड्या उजव्या मूत्रपिंडात अजून जे काही काम चालू होतं तेही गेलं असतं, आणि सगळा भार अशा डाव्यावर पडला असता जे आधीच अपुरं पडत होतं. उजवं आणि डावं प्रत्येकी किती काम करतंय हे मोजणारी सिंटिग्राफी आम्हाला उपलब्ध नव्हती. ती असती आणि उजव्याचं काम शून्य निघालं असतं, तर मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता. उपलब्ध माहितीवर मात्र शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरात जुलीला मूत्रपिंड निकामी झालेल्या अवस्थेत घरी पाठवण्याची शक्यता मला फार मोठी वाटली.

सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काढलं तरी जाणार, नाही काढलं तरी जाणार."

"हो. प्रश्न मधल्या दिवसांचा आहे."

"मग मधले दिवस घरी काढू."

गर्भाशय काढण्याचा विचारही सोडून दिला. त्या गाठींचा तिला काही त्रास नव्हता आणि भुलेखाली रक्तदाब उतरला तर त्याची किंमत मूत्रपिंडांनीच मोजली असती.

मधले दिवस

उपचार फार नव्हते, पण नेमाने करायचे होते. रक्तदाब आणि प्रथिनांची गळती, दोन्हींसाठी टेल्मिसार्टन. तीन आठवड्यांनी दाब अजून १६०च्या वरच होता, म्हणून जोडीला अॅम्लोडिपिन. मळमळीला मॅरोपिटंट, भूक मंदावली की मिर्टाझापिन. वेदनेसाठी गॅबापेंटिन, तेही कमी मात्रेत, कारण ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. घरात माणसांसाठी आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याला कधीही द्यायची नाही, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

खाण्यावरून थोडी ओढाताण झाली. जुलीचं जेवण म्हणजे दूध-भाकरी, कलेजी आणि रविवारी मटणाची हाडं. तिन्हींत फॉस्फरस भरपूर आणि आजारी मूत्रपिंडाला तोच बाहेर टाकता येत नाही. किडनीसाठीचं तयार खाद्य तिनं दोन दिवस हुंगून सोडलं. मग मऊ भात, उकडलेल्या अंड्यांचं पांढरं, थोडा दुधी, वर तूप, आणि त्यात ते तयार खाद्य हळूहळू वाढवत नेलं. फॉस्फरस बांधणारं औषध जेवणातच कालवायचं. श्रावणात घरी सत्यनारायण होता. शिऱ्यातले बेदाणे तिच्या तोंडी जाऊ देऊ नका, असं सांगितल्यावर सुभेदारांना ते आधी खरंच वाटेना. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, अगदी धडधाकट कुत्र्याच्याही.

दोन महिन्यांनी कातडीखाली सलाईन द्यायची वेळ आली. सूनबाई ते एकाच बैठकीत शिकल्या. रात्रीची जेवणं उरकली की खुंटीला बाटली टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. जुली तोवर सुभेदारांच्या पायाशी पडून असायची. बोटांमधली गाठ काढल्यामुळे तिचं लंगडणं थांबलं होतं. आणि मला विचाराल तर, पहिल्या काही महिन्यांत तिला सर्वात जास्त आराम कशानं मिळाला असेल तर त्या एका किरकोळ गाठीच्या जाण्यानं. ती पुन्हा मळ्यापर्यंत जायला लागली. लघवीत रक्त अधूनमधून दिसायचं, त्याची घरच्यांना सवय झाली.

आठव्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या, तोंडात फोड आले, क्रिएटिनिन ६.८ वर गेलं. तीन दिवस शिरेतून सलाईन देऊनही ते उतरलं नाही. घरच्यांनी निर्णय घेतला आणि तिला घरीच इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ दिलं.

शवविच्छेदनाला आपल्याकडे बहुतेक घरं नकार देतात, आणि ते समजण्यासारखं आहे. सुभेदार म्हणाले, "पिल्लांच्या कामी येणार असेल तर करा." उजवं मूत्रपिंड १.४ किलोचं भरलं. डावं बाहेरून नेहमीच्या आकाराला धरून होतं, पण कापल्यावर निरोगी भाग निम्म्याहूनही कमी निघाला. बाकी सिस्ट आणि दोन घट्ट गाठी, दोन्हींत उजव्यासारखाच कर्करोग. फुप्फुसात मिऱ्याएवढे काही ठिपके होते, तेही पसरलेले. गर्भाशयातल्या गाठी साध्या, स्नायूंच्या. उजवं काढलं असतं तर ते ठिपके आले नसते का? कदाचित. पण ती फुप्फुसामुळे गेली नाही, मूत्रपिंडं थकल्यामुळे गेली, आणि शस्त्रक्रियेनं हाच दिवस अलीकडे आला असता असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

पिल्लं

जनुकाची तपासणी निर्णयासाठी गरजेची नव्हती, त्वचेच्या बायोप्सीनं काम भागलं होतं. ती केली पिल्लांसाठी. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवला. जुलीच्या जनुकाची एक प्रत सदोष, एक चांगली. सदोष प्रत एक जरी असली तरी आजार होतो, आणि प्रत्येक पिल्लाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. दोन्ही प्रती सदोष असलेली पिल्लं जन्माला येण्याआधीच मरतात, त्यामुळे जिवंत बाधित कुत्र्यात एक प्रत नेहमी चांगली असते. मूत्रपिंडाच्या एखाद्या पेशीत पुढे तीही बिघडली की तिथे गाठ सुरू होते. म्हणूनच आजार दिसायला वर्षं लागतात, म्हणूनच तो वयस्कर कुत्र्यांचा वाटतो. आणि म्हणूनच तो टिकून आहे. त्वचेवर पहिली गाठ दिसते तेव्हा कुत्रं पाच-सहा वर्षांचं असतं. नराला आणि मादीला पैदाशीसाठी वापरून तोवर दोन-तीन वर्षं उलटलेली असतात. जर्मन शेफर्ड पाळणारे नितंबाच्या सांध्याचे एक्स-रे मागतात, कागदपत्रं मागतात, आई-बापाचे किताब विचारतात. पायावर हात फिरवून गाठी आहेत का ते कुणी बघत नाही, आणि त्याला तर एक पैसाही लागत नाही.

जुली ज्यांच्याकडून घेतली त्यांना सुभेदारांनी फोन केला. 'आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही' असं उत्तर आलं आणि पुढे फोन उचलला गेला नाही. जुलीची पिल्लं सहा. दोन आठवडी बाजारातून कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. दोन लहानपणीच पार्व्हो या विषाणूच्या आजारानं गेली. एक मादी पुण्यात एका घरी आहे, तिची चाचणी निर्दोष आली. सहावा वाघ्या, कराडला सुभेदारांच्या पुतण्याकडे. वय पाच. मागच्या पायावर मसुरीएवढ्या दोन टणक गाठी, चाचणीत जनुकाची एक प्रत सदोष.

वाघ्याचं खच्चीकरण केलं. पुतण्याला त्याच्यापासून पिल्लं घ्यायची होती, एका मादीच्या मालकाशी बोलणंही झालं होतं, ते थांबवलं. दर सहा महिन्यांनी दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन, एसडीएमए, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब. सध्या दोन्ही बाजूंना बारीक सिस्ट आहेत, उजवीकडची सर्वात मोठी ९ मिलिमीटरची, रक्ताचे आकडे मर्यादेत. मागच्या खेपेला पुतण्यानं विचारलं, "डॉक्टर, आता लहान आहे तोवरच उजवी काढून टाकली तर?" त्याला सांगितलं की डावीकडेही तेच आहे, आणि जोवर दोन्ही मिळून काम भागतंय तोवर एकीलाही हात लावायचा नाही. एखादी गाठ फार झपाट्यानं वाढली किंवा रक्तस्राव थांबेनासा झाला, तर त्या वेळी डावीचं काम मोजून मग ठरवू.